रुकडी स्टेशन आणि आमची दहा रुपयांची पॅसेंजर

कोल्हापूरजवळच्या रुकडीत सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी सांगितलं होतं, "गाडीच्या वेळा पाठ कर, बाकीचं गाव आपोआप कळंल." तसंच झालं. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका अडत दुकानात मी हिशेब लिहिते, त्याला यंदा एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी दोन-दोन दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही. पुलावरून गाडीचा आवाज आला की कुकर उतरवायचा आणि डबा भरायचा.

मागच्या महिन्यात पुण्याहून भाची आली होती. तिनं विचारलं, "मावशी, तुझ्या स्टेशनवर आहे तरी काय?" उभ्याउभ्या तिला नीट सांगता आलं नाही, ते मनात राहिलं. म्हणून आता सविस्तर लिहिते. रुकडीला, वळिवड्याला किंवा हातकणंगल्याला कुणी पहिल्यांदा उतरणार असेल तर त्यालाही उपयोग होईल.

तर, आहे काय? तिकीट खिडकी आहे. बसायला बाक आहेत. पिवळ्या पाटीवर नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. आणि इथं पॅसेंजर थांबते. ही शेवटची गोष्ट खरं तर मी आधी लिहायला हवी होती. मिरजेहून कोल्हापूरकडं येताना जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे आणि गूळ मार्केट अशी सहा स्टेशनं मध्ये लागतात. कोल्हापूर-पुणे वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस धावते. देखणी गाडी आहे, फाटकापाशी पोरं तिला हात करतात. पण कोल्हापूर सोडलं की ती थेट मिरजेलाच थांबते. मधल्या सहा गावांची माणसं दवाखान्याला, बाजाराला, कॉलेजला पोचतात ती पॅसेंजरनं. म्हणून मी गुण देणार आहे ते या पॅसेंजरला आणि ती जिथं थांबते त्या आमच्या स्टेशनाला. पाचात चार.

आधी पैशाचं सांगते, कारण माझं कामच ते आहे. रुकडी ते कोल्हापूर साध्या पॅसेंजरचं तिकीट १० रुपये. कोरोनात मार्च २०२० मध्ये देशभरच्या गाड्या थांबल्या. नंतर पॅसेंजर हळूहळू सुरू झाल्या, पण भाडं एक्स्प्रेसचं लागलं आणि कमीत कमी तिकीट ३० रुपयांवर गेलं. गाडी तीच, बाक तेच, थांबे तेच. ते पुन्हा १० वर आलं २०२४ च्या फेब्रुवारीअखेर.

तीस रुपये ऐकायला मोठे वाटत नाहीत. आमच्या डब्यात एक मावशी रोज मेथी, शेपू, अंबाडी घेऊन येते. दारापाशी ओलं फडकं टाकलेली बुट्टी ठेवून खाली बसते, तिचा सगळा डबा ओळखीचा. जाऊन-येऊन तिचे २० रुपये व्हायचे, ते ६० झाले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५०० च्या जागी १,५००. एकदा मी तिला वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब मांडून दाखवला. ती म्हणाली, "बाई, मला लिवता येत न्हाई, पर हे मला तुज्या आदी कळलंय." वर गेलेले हजार रुपये म्हणजे तिच्या नातीच्या शिकवणीची फी होती. पुढं काही महिने ती दिसलीच नाही, गावातच दारोदार भाजी विकायची. तिकीट खाली आलं आणि दोन आठवड्यांनी बुट्टी पुन्हा दारापाशी आली. भाडेवाढ किंवा भाडेकपात म्हटलं की मला ती रिकामी आणि मग भरलेली जागा आठवते.

आता कुणी म्हणेल, एसटी आहे की. आहे, आणि तिच्याबद्दल माझं काही वाईट म्हणणं नाही. २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्याही आधीपासून फुकट प्रवास आहे. माझी आई ७८ वर्षांची आहे, म्हणजे तिला एसटी फुकट. रेल्वेनं मात्र ज्येष्ठांची सवलत कोरोनात काढली ती परत दिली नाही. तरीही आई म्हणते, "मला रेल्वेनंच ने." तिचे दोन्ही गुडघे गेलेत. एसटीच्या उभ्या पायऱ्या आणि मधली अरुंद वाट तिला झेपत नाही, आणि वडापच्या जीपमध्ये पाय पोटाशी घेऊन बसावं लागतं. पॅसेंजरमध्ये समोरचा बाक मोकळा मिळाला तर ती पाय लांब करते, पदरानं वारा घेते आणि पंचगंगा येईपर्यंत गप्पा मारते. तेवढा अर्धा-पाऊण तास तिच्या चेहऱ्यावर दुखणं नसतं.

आईचं सांगायचं तर माझं माहेर याच मार्गावर, मिरजेच्या अंगाला आहे. तिथल्या स्टेशनचं नाव मी लिहीत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी तिला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवायला न्यावं लागतं. मी आदल्या संध्याकाळी कामावरून सुटले की रुकडीला उतरतच नाही, तशीच पुढं माहेरी जाते आणि सकाळी तिला घेऊन निघते. अडचण होते ती चढताना. तिथं आमची गाडी ज्या बाजूला लागते तिथला प्लॅटफॉर्म ठेंगणा आहे. रेल्वेच्या मापात उंच प्लॅटफॉर्म म्हणजे रुळाच्या वर ७६० ते ८४० मिलिमीटर, साधारण अडीच ते पावणेतीन फूट. तेवढा असला की डब्यात पाय सहज पडतो. नसला की खालची लोखंडी पायरी माणसाच्या गुडघ्याच्या वर येते. धडधाकट माणूस दांडा धरून अंग वर ओढून घेतो, त्याला काही जाणवतही नाही. दोन वर्षांपूर्वी आईचा हात दांड्यावरून सटकला आणि नडगी त्या पायरीच्या कडेवर घासली. बोटभर लांब कातडं सोललं. त्या वयात जखम लवकर भरत नाही, सव्वा महिना पट्टी बदलत होतो.

तक्रारवहीत मी लिहिलं. पोच मिळाली, उत्तरही आलं, की काम टप्प्याटप्प्यानं होईल. त्या टप्प्याची वाट बघत आईला घरी बसवणं मला शक्य नव्हतं. मग माझ्या भावानं घरातला जुना पाट काढला. आमचा जेवायला बसायचा सागवानी पाट, खाली दोन आडव्या पट्ट्या. त्यानं त्या पट्ट्या काढून चांगल्या चार-पाच इंच उंच केल्या, वर सायकलच्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकला, पाय घसरू नये म्हणून, आणि एका बाजूला सुतळीची कडी घातली. गाडी लागली की मी पाट ठेवते, आई त्यावर उजवा पाय टाकते, मी मागून कमरेला आधार देते, आणि कडीत बोट अडकवून पाट वर घेते.

हे सगळं गाडी उभी असते त्या मिनिटभरात करायचं असतं. पहिल्या खेपेला माझे हात थरथरत होते. दाराशी कॉलेजची तीन-चार पोरं उभी होती. त्यातल्या एकानं दप्तर दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं, खाली उडी मारली आणि म्हणाला, "आज्जी, गडबड करू नका, गाडी कुठं जात न्हाई. माझ्या खांद्यावर हात ठेवा." वरच्यानं तिचे दोन्ही पंजे धरले. आई वर आली तेव्हा तिची चप्पल खाली राहिली होती, तीही खालच्यानंच वर फेकली आणि चालत्या गाडीत चढला. आता ती पोरं आईला ओळखतात. मी नसले आणि भाऊ सोबत असला तरी पाट कुणी ठेवायचा हे त्यांना सांगावं लागत नाही.

पाचात एक गुण मी कापला तो या पायरीसाठी. स्टेशनं सुधारण्याच्या अमृत भारत योजनेत कोल्हापूर आणि हातकणंगले ही स्टेशनं घेतली आहेत, त्याचा मला आनंद आहे. दर्शनी भाग नीटनेटका झाला की पाहुण्यांनाही बरं वाटतं. पण मला कुणी विचारलंच, तर मी सांगेन की रंग आणि कमानी मागून करा, या मार्गावर जिथं जिथं प्लॅटफॉर्म ठेंगणा राहिलाय तो आधी उचला. दवाखान्याला जाणारं म्हातारं माणूस, पोटुशी बाई आणि कडेवर लेकरू असलेली आई, रोज चढणाऱ्यांत हीच माणसं जास्त असतात.

प्रवास म्हणाल तर छोटाच, पण मला त्याचा कंटाळा आला नाही. रुकडी सुटली की थोड्या वेळात पंचगंगेचा पूल. उसाच्या रानातून गाडी अचानक मोकळ्यात येते आणि खाली पाणी दिसतं. उन्हाळ्यात ते काळपट हिरवं असतं, जुलैत गढूळ लाल. पुलावर डब्यातलं बोलणं बंद होतं, निम्मी माणसं हात जोडतात, कुणी नाणं टाकतं.

पावसाळ्यात आम्ही पुलाकडं बघण्याआधी फोनमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आमच्या डब्यात हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोन्ही वेळेला मिरज-कोल्हापूर गाड्या बंद पडल्या. रस्तेही पाण्याखाली होते. दुकानाच्या वह्या तिकडं, मी इकडं, आणि आईच्या गोळ्या संपत आलेल्या. २०१९ ला पाणी उतरल्यावर एका सकाळी लांबून भोंगा ऐकू आला. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, त्यांनी हातानं खूण करून दार उघडायला लावलं. गाडी पुलावरून अगदी सावकाश येत होती, तपासणी झाल्यावरही वेग कमीच ठेवतात. गावातले कितीतरी लोक नुसते ती बघायला स्टेशनवर गेले होते. मीही गेले होते. त्या दिवशी मला कुठंही जायचं नव्हतं.

पूल ओलांडला की वळिवडे. गांधीनगरच्या कापड बाजाराला जायचं असेल तर इथंच उतरा, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं इथं उतरतात. दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून परागंदा झालेल्या बायका-पोरांची छावणी याच वळिवड्यात होती. १९४३ पासून युद्ध संपल्यावरही दोन-तीन वर्षं, जवळजवळ पाच हजार माणसं इथं राहिली. पुढं त्याच जागेवर फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं आली आणि त्यांनी हा कापड बाजार उभा केला. एकाच ठिकाणी दोनदा परक्या माणसांना आसरा मिळाला. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते गाडीतच, एका निवृत्त गुरुजींकडून, आणि तेव्हापासून वळिवड्याला गाडी थांबली की मी बाहेर बघते.

मग गूळ मार्केट. हंगामात खिडकीतून गुळाचा वास येतो, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि मग कोल्हापूर, छत्रपती शाहू महाराज टर्मिनस.

हे नाव शोभेला दिलेलं नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे संस्थानानं बांधली. १८८८ साली पायाभरणी झाली ती शाहू महाराजांच्या हस्ते, तेव्हा ते जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे होते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, तरी राज्यकारभार त्यांच्या हातात यायला अजून तीन वर्षं होती. पुढं स्टेशनला लागून त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, आणि याच मार्गावर वडिलांच्या नावानं जयसिंगपूर. रेल्वे, पेठ आणि गूळ-धान्याचा व्यापार त्यांनी एकाला एक जोडून बघितला. लक्ष्मीपुरीत मी ज्या पोत्यांचा हिशेब लिहिते, त्या व्यापाराची मुळं या रुळापर्यंत येतात.

टर्मिनसला रूळ संपतात. पुढं कोकणात उतरणारी वैभववाडीची रेल्वे मंजूर झालेली आम्ही ऐकून आहोत, पण अजून ती धावलेली नाही. त्यामुळं कोल्हापूरला आलेली गाडी आल्या वाटेनंच परत फिरते. आमची पॅसेंजर म्हणजे डेमू, तिला वेगळं इंजिन जोडलेलं नसतं, त्यामुळं ते फिरवावं लागत नाही, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. चालक आपली पेटी उचलून प्लॅटफॉर्मवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो, आणि शेवटचा डबा पहिला होतो. संध्याकाळी मी त्या मागच्या टोकाकडच्या डब्यात बसते, रुकडीला उतरल्यावर गावाकडं चालणं कमी पडतं.

उशिराबद्दल खरं ते सांगते. मिरज-कोल्हापूर मार्ग एकेरी आहे. समोरून एक्स्प्रेस येत असेल तर पॅसेंजरला स्टेशनात बाजूच्या रुळावर घेतात, त्याला आम्ही क्रॉसिंग पडलं म्हणतो. क्रॉसिंग पडलं की दहा मिनिटं जातील की वीस, हे समोरच्या गाडीवर. यात स्टेशन मास्तरांचा किंवा चालकाचा काही दोष नाही. रूळच एक आहे, तो दुपदरी झाल्याशिवाय हे सुटणार नाही. म्हणून सीपीआरची वेळ गाठायची असेल तर मी नेहमी एक गाडी आधीची धरते. केसपेपरची रांग सकाळी लवकर वाढते, आणि स्टेशनवरून व्हीनस कॉर्नर, दसरा चौक करत रिक्षानं पोचायलाही वेळ लागतो.

नव्या माणसानं एवढं ध्यानात ठेवावं. गाडीच्या वेळा बदलतात, कुणाच्या तोंडच्या जुन्या वेळेवर जाऊ नका, १३९ ला फोन करून विचारा. मोबाईलवर साधं तिकीट काढायचं असेल तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा, रुळाच्या अगदी जवळ गेल्यावर ॲप ते काढू देत नाही. माझं तर अजून खिडकीवरच भागतं. सुट्टे दहा रुपये हातात ठेवा, मागच्याची गाडी चुकत नाही. कोल्हापूरला उतरल्यावर मध्यवर्ती बसस्थानक पायी जवळच आहे, त्यासाठी रिक्षा करू नका. अंबाबाईला जायचं तर केएमटीची शहर बस किंवा रिक्षा घ्या. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मात्र पॅसेंजरला उभं राहायलाही जागा नसते. डबे गुलालानं माखलेले असतात आणि चांगभलंच्या गजरात शेजारचं बोलणंही ऐकू येत नाही. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघू नका, मीही आईची तारीख पुढं ढकलून घेते.

आणखी एक गोष्ट भाचीला सांगायची राहिली होती. आमच्या डब्यात जागा धरण्यावरून भांडणं होतात, नाही असं नाही. पण दवाखान्याची पिशवी दिसली की बाक रिकामा होतो. एक्स-रेचं मोठं पाकीट कुणाच्या हातात असलं की न विचारता खिडकीची जागा देतात. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. एकोणीस वर्षांत मी ते एकदाही चुकलेलं पाहिलं नाही.

येत्या गुरुवारी आईची तारीख आहे. पाटाची सुतळी झिजली होती, काल भावानं नवी नायलॉनची दोरी घातली आणि टायरचे दोन सैल खिळे ठोकून घेतले. आईनं फोनवर एवढंच विचारलं, ती पोरं परीक्षा संपवून सुट्टीला गेली नाहीत ना.